चंचीतल्या गोळ्या

सारखं तेच काय सांगायला लावता राव? चहा पाजलाय म्हणून सांगतो.

माझ्या बायकोला, सखूला, एचआयव्ही हाय. मला न्हाई, अन् होऊ नये म्हणून मी रोज गोळी खातो. पण डबी खिशात खुळखुळली की मेंढरं मिठाचा डबा समजून मागं लागायची. म्हणून गोळ्या चंचीत सुपारीशेजारी ठेवल्या.

नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी गोळ्या मोजायला डबी उघडली. रिकामी!

"बाबा, महिना संपायचाय अजून. गोळ्या गेल्या कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत, संगं आलेला माझा पुतण्या बबन म्हणाला, "फेकल्या असतील. म्हातारा कुणाचं ऐकतोय?"

सखूनं मान खाली घातली, जणू चूक तिचीच. ते मला सोसलं न्हाई. चंची टेबलावर पालथी केली. सुपारी, कात, गोळ्या, सगळं पसरलं. वर म्हणलो, "रक्तबी काढा माझं, औषध हाय का न्हाई बघा."

काही दिसांनी रिपोर्ट आला, तवा सगळी परत गेलो. बाई हसल्या, "बाबा, औषध रक्तात पुरेपूर आहे. नेमानं खाताय तुम्ही. फक्त गोळ्या डबीतच ठेवा, वर कापूस घाला."

येताना जीपमधी सखू माझ्या शेजारी ताठ मानेनं बसली व्हती.

माझं जाऊ द्या, पण सखूची माफी अजून मागितली न्हाई. कोणी? बबननं!