चौदावा मजला

बायजाबाई बोर्लीच्या एसटी स्टँडवर पनवेलच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक तरुण बाई लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पाठीला सॅक लावलेला एक माणूस तिच्यासमोर येऊन थबकला.

“क्रांती?”

“अरे देवा, स्वराज! किती वाळलास रे.”

“मुलगी तुझी?”

“व्हय. तुझा पनवेलचा टॉवर झाला का पुरा?”

“कुठला! आत्ता कुठं नववा मजला चाललाय. आपला... म्हणजे माझा फ्लॅट चौदाव्यावर.”

“आपलं लगीन ठरलं तवा पाचवा चालला होता.”

“बिल्डर दर खेपेला सांगायचा, दिवाळीला चावी देतो. तेच मी तुझ्या बाबांना सांगायचो.”

“बाबा तीन दिवाळ्या थांबले, स्वराज.”

“मग काय करणार होतो? भाड्याच्या एका खोलीत तुला कशी आणायची?”

“मला इचारलंस कधी?”

“न्हाय.”

“एकदा तरी इचारायचं होतंस.”

“काय म्हणाली असतीस?”

“आले असते.”

गाडी लागली. स्वराजनं क्रांतीची पिशवी वर ठेवून दिली, पोरीला उचलून तिच्या हातात दिलं आणि तो परत खाली उतरला.

“अरे, तुलाबी पनवेललाच जायचंय ना?”

“मी मागच्या गाडीनं येतो. तू जा.”

पनवेलला जाणारी मागची गाडी आता उद्या सकाळीच होती. बायजाबाईंना ते ठाऊक होतं. क्रांतीशेजारची जागा रिकामी होती, तिथं जाऊन बसल्या.