बुटातला अंगठा

...आणि वर मला म्हणतात, स्वभाव बदला! अहो, बावन्न वर्षांचा स्वभाव, तो काय उशीचा अभ्रा आहे? एक काढला, दुसरा घातला? तुम्हाला सांगतो ताई, या बाकावर तुमच्या शेजारी बसलोय तो माझं नाव पुकारायची वाट बघत. त्या दारामागे मोठे साहेब बसलेत, आणि पॅकिंग खातं माझ्याकडे राहणार की माझ्या हाताखालच्या त्या चष्मेवाल्याकडे जाणार, ते आज ठरणार. तो बघा, कोपऱ्यातल्या खुर्चीत. कान दाराकडे लावून बसलाय!

काय ताई? थांबा हो, माझं पूर्ण होऊ द्या.

तर माझा गुन्हा काय? मी म्हणे कुणाला बोलूच देत नाही! गेल्या वर्षी औषधाच्या खोक्यांवर चुकीची तारीख छापली गेली. चाळीस हजार खोकी! तपासणीच्या बाईंना ते आधीच दिसलं होतं, त्या सांगायलाही आल्या, "सर, ती तारीख..." आणि मी काय म्हणालो? "तारखेचं मला शिकवू नका, गाडी भरा!" भरली. सगळी परत आली. खरं सांगतो, त्या बाईंकडे बघायची लाज वाटायची मला.

मग कंपनीने माझ्यामागे कोच लावला. क्रिकेटचा नाही हो, नेतृत्वाचा! माझ्या मुलाच्या वयाचा, आवाज लोण्यासारखा. "सर, समोरचा बोलला की बुटात अंगठा दाबायचा, मनात दहा मोजायचे, मग बोलायचं." तीन महिने त्याच्यासमोर मी अगदी गरीब गाय! त्याने शाबासकी दिली आणि गेला. तो गेला हो, पण पाचची मालाची गाडी तर रोज सुटतेच ना? तिला कोण कोचिंग देणार?

त्यात आठवड्याभरात लोकांना पत्ता लागला. "साहेबांचा बूट हलला रे, दहा आकडे मिळतात, उरकून घे!" फोरमन आला, "साहेब-शुक्रवारी-सुट्टी-हवी-मेव्हण्याचं-घर-हलवायचंय-येतो!" मी आपला आठ... नऊ... दहा... तोंड उघडतोय तर माणूस गायब! आणि बाहेर सांगतो काय? "साहेब गप्प होते, म्हणजे हो म्हणाले!" त्या शुक्रवारी तीन जण सुट्टीवर. तीन!

ताई, बाही नका ओढू, आता खरी गंमत आहे. माझं पूर्ण होऊ द्या.

तर तोच शुक्रवार. माणसं नाहीत, फाटकात गाडी, ड्रायव्हरचा हॉर्नवर हॉर्न, आणि तपासणीच्या बाई आल्या. मुळात सावकाश बाई. "सर... ते... म्हणजे..." अंगठा दाबला. एक... दोन... "तुम्ही रागवाल, पण..." चार... हॉर्न! पाच... घाम फुटला हो मला! सहा... 'गाडी भरा' अगदी जिभेच्या टोकावर... सात... अंगठ्यात कळ! दहा संपले आणि बाई अजून 'म्हणजे'वरच! काय करणार? पुन्हा एकपासून सुरू केलं. दुसऱ्या दहाला म्हणाल्या, "सर, खोकं बरोबर आहे... पण आतली गोळी दुसऱ्याच औषधाची आहे."

ऐकलंत? गोळी दुसरीच! कुणाच्या तरी आईच्या पोटात गेली असती हो ती! गाडी जागच्या जागी थांबवली. आणि बाई हळूच म्हणतात, "सर, आज पहिल्यांदा ऐकलंत." डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. हेच मी आत जाऊन सांगणार आहे. म्हणावं, कोच गेला तरी अंगठा आहे! बदललो मी, अगदी मुळापासून बद... काय आहे ताई?!

...नाही, चुकलो. दाबला अंगठा. एक, दोन... नऊ, दहा. बोला.

काय? माझं नाव पुकारलं? दोनदा? कधी? ...आणि तेच तुम्ही मघापासून... हं.

आणि ती कोपऱ्यातली खुर्ची? रिकामी कशी? ...त्याला आत घेतलं?

...

बोला ताई, तुमचं अजून काही राहिलंय का? बोला, सावकाश बोला. आता मला काही घाई नाही.