नीलीच्या कॅसेटवरची कोरी बत्तीस घरं

विषय : कै. कॉर्नेलियस ऊर्फ नीली व्हिटलॉक यांच्या कॅसेटच्या 'ब' बाजूवरील कोरा भाग दुरुस्त होऊन परत मिळणेबाबत. संदर्भ : माझाच सतरा मार्चचा अर्ज.

आता तुम्ही म्हणाल, कोरा भाग परत कशाला पाहिजे, कोरी कॅसेट काय बाजारात मिळत नाही... तर हेच, अगदी हेच वाक्य मला आत्तापर्यंत चार जणांनी ऐकवलंय, त्यातले दोघं चांगले शिकलेले होते, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं क्रमानं सांगून टाकावं. मी अल्विन पर्नेल, राहणार जर्मनटाउन, फिलाडेल्फिया, तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून, आता निवृत्त, आणि गेली पंचवीस वर्षं जॅझ गिटारचा विद्यार्थी. पंचवीस वर्षं विद्यार्थी. शाळेत असतो तर मास्तरांनी दाखला हातात देऊन घरी पाठवलं असतं.

तुम्हाला सांगतो, जॅझ गिटार शिकायच्या साधनांची या जगात टंचाई नाही. टंचाई असलीच तर ती साधनं वापरून शिकलेल्या माणसांची आहे. माझ्याकडे एक पुस्तक आहे, दोन हजार कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे जुडगे, बोटांच्या आकृत्यांसकट. मी तेराशेपर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की आपल्या डाव्या हाताला पाचच बोटं आहेत आणि त्यातला अंगठा कायम गिटारच्या मागे लपून बसतो. मग बोटं बळकट करायचा स्प्रिंगचा चिमटा आणला. बोटं होती तशीच राहिली, पण लोणच्याच्या बरण्या उघडायला गल्लीतल्या बायका मला बोलावतात. मग मेट्रोनोम. टक, टक, टक... चुकलात तर बोलणार नाही, बरोबर आलात तरी बोलणार नाही, असा साहेब मला कचेरीतही होता, त्यासाठी वेगळं यंत्र कशाला? मग साथीच्या रेकॉर्डी. त्यात उजव्या स्पीकरमधून पियानो, डाव्यातून बास, आणि गिटार नाहीच, ती जागा तुमची. छान कल्पना. पण ती मंडळी म्हणजे चर्चच्या जेवणात वाढणाऱ्या बायका... तुमचं ताट रिकामं की भरलेलं, बघायचंच नाही, वाढत वाढत पुढे निघून जायचं. आणि अलीकडे तो फोनवरचा दाढीवाला, मागे भिंतीवर सात गिटारी टांगलेल्या, "मित्रांनो, आज मी तुम्हाला एकच गुपित सांगणार आहे." हे एकच गुपित त्यानं मला आत्तापर्यंत दोनशे चाळीस वेळा सांगितलंय.

ही सगळी साधनं उत्तम आहेत, माझी तक्रार नाही. फक्त यातलं एकही तुमच्यासाठी थांबत नाही.

थांबायचा तो नीली. आठवडाभर ट्रॉली, म्हणजे रुळावरची ट्राम, चालवायचा, शनिवारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये ऑर्गनवाल्या लोरेन्झोबरोबर गिटार वाजवायचा, आणि मंगळवारी संध्याकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात मला शिकवायचा. शिकवणं म्हणजे काय... मी वाजवायचो, तो पायानं ताल धरायचा, आणि माझं वाजवून झालं की एकच वाक्य बोलायचा. "घाई काय आहे, कारकुना?"

कारण मला तो रोग आहे. चार ठोक्यांचं एक घर, अशा बत्तीस घरांचा गाण्याचा एक फेरा. सगळं जग तो बत्तीस घरांत पुरा करतं, मी एकोणतिसाव्या घरातच उरकून टाळ्यांची वाट बघत बसतो. नीली म्हणायचा, "इतकी वर्षं लोकांचे कागद उशिरा काढलेस, त्याची भरपाई माझ्या गाण्यात करतोयस."

आणि आमच्याकडे जुन्या वादकांची एक रीत आहे. नवा माणूस वाजवायला उभा राहिला की पहिल्या फेऱ्याला त्याला साथ देतात, आणि दुसरा फेरा सुरू झाला की एकेक जण गुपचूप वाजवायचा थांबतो. ऑर्गनवाला हात मांडीवर ठेवतो, ड्रमवाला घाम पुसतो. याला म्हणतात 'फिरायला जाणं'. तुम्हाला एकट्याला सोडून सगळे फिरायला जातात, आणि बत्तीस घरं संपली की बरोब्बर समेवर परत येतात. तुम्ही तिथे भेटलात तर तुम्ही वादक. नाहीतर... नाहीतर काय ते मला विचारा. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नीलीनं मला त्या बारमध्ये उभं केलं, सगळे फिरायला गेले, आणि मी माझी सम गाठून, शेवटची तार छेडून, वाकून नमस्कारसुद्धा करून मोकळा झालो. टाळ्या पडल्या नाहीत, कारण इतरांच्या मते अजून तीन घरं बाकी होती. लोरेन्झो ऑर्गनवरून म्हणाला, "साहेबांना ट्रॉली गाठायचीय का? पण ट्रॉलीवाला तर इथेच बसलाय."

बारभर हशा. नीली हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "पुढच्या वेळी." मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी?" तर म्हणतो, "घाई काय आहे, कारकुना?"

पुढची वेळ आलीच नाही. त्याच थंडीत त्याच्या फुप्फुसांत काहीतरी निघालं, डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं आणि सात महिने दिले. मंगळवार बंद झाले. मग एक दिवस त्याची बायको ओडेसा दारात उभी, हातात कॅसेट, "हे घे, तुझा गृहपाठ पाठवलाय."

त्या कॅसेटच्या 'ब' बाजूवर काय आहे... म्हणजे काय होतं, ते सांगतो. आधी खोकला. मग नीली म्हणतो, "कारकुना, ही तुझी सरावाची पट्टी. पहिला फेरा मी साथ देतो. मग मी जरा फिरायला जातो. बत्तीस घरं तू एकटा. परत आलो की भेटू." मग वन, टू, आणि एक फेरा अशी साथ... अहो, माझ्यासारखा माणूस त्या साथीवर नुसता उभा राहिला तरी वादक वाटावा. आणि मग गिटार थांबते. एक मिनिट आणि चार सेकंद. काही नाही. म्हणजे काही नाही असं लोक म्हणतात. लाकडी फरशीवर त्याच्या बुटाचा ताल आहे. कढईत मासे तडतडतायत, म्हणजे शुक्रवार असणार, त्यांच्याकडे मासे शुक्रवारी. आणि चोविसाव्या घरात ओडेसा आतून ओरडते, "नीली, कुणाशी बोलतोयस? मासे गार होतायत." आणि तो, ताल जराही न चुकवता, म्हणतो, "अल्विनची वाट बघतोय."

मग आठ घरं, आणि समेवर त्याची कॉर्ड.

एकोणीस वर्षं मी ती बाजू रोज लावली. रोज तो फिरायला गेला, रोज परत आला, आणि रोज मी त्याच्याआधी पोचून उभा. पण प्रगती होती. तीन घरं लवकर यायचो, मग दोन, मग एक, आणि गेल्या नोव्हेंबरात फक्त दोन ठोके. दोन ठोके म्हणजे काय, एक सेकंद. एका सेकंदानं चुकामूक. मी कागदावर गुणोत्तर मांडलं, एकोणीस वर्षांत दहा ठोके, तर उरलेल्या दोन ठोक्यांना सुमारे चार वर्षं. मी चौऱ्याहत्तरचा. प्रकृती बरी राहिली तर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आमची भेट होती. ठरलेली होती म्हणा ना.

आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझी भाची आली. जनेल. गुणी पोरगी, रताळ्याचा पाय, म्हणजे ते गोड सारण भरून भाजलेलं पक्वान्न, स्वतः करून आणला. मला त्या खरखरत्या कॅसेटबरोबर वाजवताना बघून तिचा जीव तुटला. "मामा, अरे कुठल्या जमान्यात आहेस तू? हे सगळं फोनवर घेऊन देते. सरावासाठी खास ॲप आहे. हवं तर हळू करतं, हवं तर सुराची पट्टी बदलतं, आणि खरखर साफ करून नुसती गिटार ठेवतं." मी म्हटलं, "साफ नको करू." ती म्हणाली, "मामा, तू फक्त पाय खा."

मी खाल्ला. तुम्हाला सांगतो, तिथे चुकलो. आयुष्यभर सगळीकडे घाई केली, आणि जिथे धावत जाऊन बटण बंद करायचं, तिथे दुसरा तुकडा मागितला.

चार मिनिटांत काम झालं. ॲपनं विचारलं, मूळ ध्वनी ठेवायचा का? जनेलच्या फोनमध्ये जागा नव्हती, तिनं नको म्हणून दाबलं. मग जुन्या यंत्रातून कॅसेट काढायला गेली तर पट्टी आत अडकलेली. ओढली. शेवयांसारखी बाहेर आली हो... हातभर.

मी म्हटलं, असू दे, फोनवर आहे ना? लाव. तिनं लावलं. काय स्वच्छ आवाज! खरखर नाही, खोकला नाही... सात महिन्यांत डॉक्टरांना जमलं नाही ते फोननं चार मिनिटांत केलं, नीली ठणठणीत बरा. वन, टूसुद्धा नाही, एकदम गिटार. पहिला फेरा झाला. मी श्वास घेतला, आता हा फिरायला जाणार... आणि समेवर कॉर्ड. लगेच. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "रिकामा भाग आढळला. काढून टाकला."

बूट गेला, मासे गेले, ओडेसा गेली. फिरायला गेलाच नाही तो. वाट बघितलीच नाही कुणाची. नीली व्हिटलॉक घाईत, असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

जनेल रडायला लागली. "मामा, मला खरंच वाटलं तिथे काही नाहीये." मी म्हटलं, "अगं, सगळ्यांनाच वाटतं." ती रडत होती म्हणून मी तिसरा तुकडाही खाल्ला.

असो. चौकशी केल्यावर कळलं, इथे एक ध्वनिसंग्रह आहे, जुन्या वादकांच्या पट्ट्या दुरुस्त करून देतात, जपतात. तिथे मिस ड्रेपर म्हणून बाई आहेत, तरुण, नम्र. मी शेवया खोक्यात घालून घेऊन गेलो. त्यांनी अर्जाचा नमुना काढला, चार पानी. तुम्हाला सांगतो, डोळे भरून आले, निवृत्तीनंतर इतका चांगला नमुना हातात आला नव्हता.

"वादकांची संख्या, सर?"

"दोन."

"कॅसेटवर एकच गिटार आहे, म्हणालात."

"दुसरा अजून यायचाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं, परत उचललं. "दुरुस्त करायचा भाग?"

"कोरा. चौसष्ट सेकंद."

"सर, कोऱ्या भागासाठी रकाना नाहीये."

"शेऱ्यात लिहा. 'कोरा भाग काढू नये.' खाली रेघ मारा."

त्यांनी मारली. दोन मारल्या. आणि म्हणाल्या की कै. वादकाच्या वारसाची सही लागेल.

म्हणजे ओडेसा. आता गंमत बघा, एकोणीस वर्षांत मी तिला ती कॅसेट कधी ऐकवली नव्हती. कशी ऐकवायची? रोज तिच्या नवऱ्याच्या आधी पोचतोय, हे तिच्यासमोर... तर गेलो, शुक्रवारच होता, ती मासे तळत होती. तिला सगळं सांगितलं. बूट सांगितला, कढई सांगितली, ती ओरडते ते सांगितलं, आणि तो काय म्हणतो ते सांगितलं.

तिनं गॅस बारीक केला. "मी आहे त्याच्यात?"

"चोविसाव्या घरात."

मग म्हणाली, "चिडले होते मी त्या दिवशी. मासे खरंच गार झाले. तसाच बसून राहिला, पाय आपटत. मला वाटलं, आजारानं भ्रमात बोलतोय." सही केली. कागद माझ्याकडे सरकवला. "म्हणजे एकोणीस वर्षं तो माझ्या स्वयंपाकघरात तुझी वाट बघत बसलाय, आणि तू हे मला आज सांगतोस? प्रत्येक ठिकाणी लवकर जातोस, अल्विन, इथेच बरा उशीर केलास."

मासे खाल्ले आणि घरी आलो.

सराव चालू आहे. कॅसेटशिवाय. पायानं ताल धरतो, नीलीचा फेरा मनात ऐकतो, बत्तीस घरं एकटा वाजवतो आणि समेवर येतो. येतो असं मला वाटतं. आता लवकर आलो की वेळेवर, हे सांगायला पलीकडून कुणी येत नाही. कदाचित गेल्या मंगळवारी बरोब्बर आलोही असेन.

अर्ज सतरा मार्चला दिला. आणि काल संग्रहाचं पत्र आलं. मी ते घेऊन तसाच ओडेसाकडे गेलो, चष्मा घरी विसरून, म्हणून तिनं वाचलं. "महोदय, दुरुस्तीसाठीचे अर्ज दरवर्षी एक एप्रिलपासून स्वीकारले जातात. आपला अर्ज मुदत सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी प्राप्त झाला आहे. सबब तो तूर्त विचारात घेता येत नाही."

तेहेतीस वर्षं कारकून होतो. नमुन्याच्या चौथ्या पानावर, तळाशी, तारीख छापलेली होती. मी वाचली नव्हती.

ओडेसानं पत्राची घडी घातली, मला परत दिली, आणि अगदी त्याच्या आवाजात म्हणाली, "घाई काय आहे, कारकुना?"

आज तेवीस मार्च. अर्ज प्रलंबित आहे.