चोविसाच्या जुवाला एकच बैल

(रनाळे, १९३६. गोठ्यापुढच्या सारवलेल्या जागेत चुडामण आणि त्याची लेक छबू. मध्ये चिंचोक्यांचा ढीग.)

चुडामण : मंग हाई तेवीस रांगमा का बसत नही? दोन रांगा कर.

छबू : केल्या, आबा. एक चिंचोका उरला. तीन केल्या, दोन उरले. पाच केल्या, तर तीन. जिच्या सारख्या रांगा कशाही होत नाहीत, ती मूळ संख्या.

चुडामण : आनि हाई शिकाले तू पुणाले जास.

छबू : एवढंच नाही. पण हेही.

चुडामण : आते लोणखेडाना पाव्हना येतीन. तुले पाहतीन, मंग माले इचारतीन, पोरगी कॉलेजमा काय शिकस? मन्हाजोडे जबाब नही ऱ्हायना, त दोन वरीस थांबा म्हनाले माले तोंड नही. लगीनले हो म्हननं पडी.

छबू : म्हणून तर सकाळपासून सांगतेय.

चुडामण : पुणानी बोली बोलस तू. माले समजी असं सांग.

छबू : बरं. बैलांचं सांगते. सहाच्या पाढ्यातला एकेक आकडा म्हणजे एकेक जू. सहाच्या एका अंगाला पाच, दुसऱ्या अंगाला सात. दोन्ही मूळ.

चुडामण : जोडी जमनी.

छबू : बारा?

चुडामण : अकरा, तेरा. ती बी जमनी. अठराले सतरा, एकोणीस. अशा त बठाच, सगळाच जमतीन.

छबू : चोवीस घ्या.

चुडामण : तेवीस पक्का. पंचवीस... थांब, लावू दे. पाचना पाच रांगा व्हयन्यात. हाऊ नही चालाव.

छबू : म्हणून तेवीस एकटा.

चुडामण : आपला तांबड्यागत. पन तेन्ही जोडी मरनी, त मी शेजारना पितांबरना बैल मांगी लिधा. तेवीसले बी दे कोन्ही.

छबू : सदतीस आहे एकटा. पण तो छत्तिसाच्या जुवाचा. इथे जू बदलता येत नाही, आबा.

चुडामण : मंग चोवीसना पुढे बठा एकलाच?

छबू : नाही ना. तिसाला परत जोडी. एकोणतीस, एकतीस. तिथेच तर नेम लागत नाही.

चुडामण : आनि दोन्ही बैल नहीत, असं जू शे का?

छबू : ...हे मी कधी पाहिलंच नाही. थांबा. नव्वदला एकोणनव्वद आहे. शहाण्णवला सत्त्याण्णव. एकशेचौदाला एकशेतेरा. एकशेवीसला... सतरा साते एकशे एकोणीस. अकरा अकरा एकशे एकवीस. आबा, दोन्ही गेले.

चुडामण : जू आडं पडनं.

छबू : पडलं.

चुडामण : तठेच सरनं मंग?

छबू : नाही. पुढे जोड्या विरळ होत जातात, पण सापडतात. कधी संपतात की संपतच नाहीत, कोणालाच माहीत नाही.

चुडामण : तुन्हा मास्तरले?

छबू : नाही.

चुडामण : गोरा साहेबले?

छबू : त्यालाही नाही. बरेच जण शोधताहेत.

चुडामण : हं. ...घुंगरू वाजनात. पाव्हनास्नी दमनी गाडी उनी वाटस.

छबू : चिंचोके उचलू?

चुडामण : ऱ्हाऊ दे आठेच. हाई दखाडीसन मंग दोन वरीसनी गोट काढसू. फक्त तू मधमा बोलू नको. चोवीसनं जू मी सांगसू.