फलाट चारचा आवाज

(बाहेरची खोली. टेबलावर उघडा लॅपटॉप. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. आत आई, हाताशी वाटी आणि चमचा.)

ताई : "फलाट क्रमांक चार. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, चढणाऱ्यांनी थोडं मागं सरा. घाई करू नका. गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही."

धाकटा : नक्कल पुरे.

ताई : नक्कल नाही. तुला आठवतंय का ते बघत होते. शाळा सुटली की त्या काचेच्या खोलीबाहेर दप्तरावर बसायचास. डोक्यावरच्या भोंग्यातून आई बोलायची, सगळं बसस्थानक मान वर करायचं. तू एकटा काचेतून तिचे ओठ बघायचास.

धाकटा : ताई, मी लॅपटॉप बघायला आलोय. फोनवर आभाळ कोसळल्यासारखी ओरडलीस म्हणून हातातलं काम टाकून आलोय. काय झालंय ते सांग.

ताई : काल माझं काम सर्व्हरवर पुश करायला गेले, तर नाकारलं. तुझी वाट वेगळी, सर्व्हरची वाट वेगळी, म्हणे. तुला विचारलं तर तू मेल पाठवलास. त्यातली रीसेटची ओळ चालव, सगळं रुळावर येईल, असं होतं. सकाळी चालवली. आणि आईच्या आवाजाच्या क्लिपांचा फोल्डरच नाही.

धाकटा : सर्व्हरवर नाही म्हणून तुझ्याकडेही नाही. रीसेट हार्ड म्हणजे तेच. सर्व्हरवर जे आहे तेवढंच तुझ्याकडे राहतं.

ताई : आणि सर्व्हरवर का नाही?

धाकटा : मी काढला.

ताई : किती सहज म्हणालास. ताटातला खडा काढल्यासारखं.

धाकटा : खडाच होता तो. गिट आपल्या घोषणांच्या सॉफ्टवेअरचा कोड ठेवायला आहे, ताई. तू गोदाम करून ठेवलंस. एकेक क्लिप एवढी जाडजूड, त्यात तू ती साफ करायचीस, पुन्हा टाकायचीस, पुन्हा साफ, पुन्हा टाक. गिट जुनं काही विसरत नाही. प्रत्येक वेळची प्रत पोटात. नवा माणूस क्लोन करायला, सगळी प्रत उतरवून घ्यायला बसला की दोनदा चहा पिऊन यायचा, तरी अर्धंच उतरलेलं असायचं.

ताई : मग म्हणायचं होतंस.

धाकटा : म्हणालो नाही? मिटिंगमध्ये म्हणालो, मेलमध्ये म्हणालो, इथं जेवताना म्हणालो. मोठ्या फायली वेगळ्या ठेव. तू या कानानं ऐकलंस, त्या कानानं सोडलंस. ऑफिसात मी तुझा वरिष्ठ आहे हे तुला पचतच नाही.

ताई : वरिष्ठ! शर्टाची बटणं लावून द्यायचे मी तुला.

धाकटा : झालं. आली बटणं.

ताई : हो, आली! फोल्डर काढायचा होता तर नुसता काढायचास. मागच्या पानावर तरी राहिला असता. तू पार पहिल्या दिवसापासूनचा इतिहास खरवडलास. आई कधी नव्हतीच, असं करून टाकलंस. आणि वर फोर्स पुश, सर्व्हरवरही जबरदस्तीनं तेच.

धाकटा : नुसता काढून वजन उतरत नाही. इतिहासातूनच काढावा लागतो. कुठल्याही पुस्तकात बघ.

ताई : पुस्तकात बहिणीला विचारू नका, असंही लिहिलंय?

धाकटा : तू रजेवर होतीस.

ताई : आईच्या तपासणीला गेले होते! तिच्या गळ्यातली नळी बदलायला. तुझी पाळी होती, तुला मिटिंग होती. आता कळतंय मिटिंग कसली ते.

धाकटा : वाकड्यात शिरू नकोस. आणि मला एक सांग, एवढा जीव होता त्यात, तर दुसरी प्रत का नाही ठेवलीस?

ताई : तूच म्हणालास म्हणून.

धाकटा : मी?

ताई : इथंच, याच खुर्चीत. मला गिट शिकवत होतास. टेबलावर हात आपटून म्हणालास, ताई, एकदा कमिट केलं, गिटमध्ये नोंदवलं, की ते जात नाही, आपण गेलो तरी ते जात नाही. मी विश्वास ठेवला. आईच्या घोषणांच्या जुन्या कॅसेटी वाजवून वाजवून विरल्या होत्या, फीत निघायची. उतरवून घेतल्या, कमिट केल्या आणि टाकून दिल्या. तुझ्या शब्दावर टाकल्या.

धाकटा : कॅसेटी टाकल्यास?

ताई : आता का चेहरा उतरला?

धाकटा : मला माहीत नव्हतं.

ताई : विचारलं असतंस तर माहीत झालं असतं.

धाकटा : बरं. झालं ते झालं. मेलमध्ये रीसेटच्या खाली अजून एक ओळ होती. झाडलोटीची. ती चालवलीस का?

ताई : नाही. फोल्डर दिसेना म्हटल्यावर तिथंच थांबले. दुसऱ्या कुणाकडे जुनी प्रत असेल ना? टेस्टिंगवाली, तो डिझाइनवाला?

धाकटा : नाही. सगळ्यांनी जुना फोल्डर उडवून नवा क्लोन घेतला. मी प्रत्येकाच्या मागं उभं राहून करून घेतलं.

ताई : पोलीस पहारा! तुझ्याकडे?

धाकटा : मीही नवाच घेतला. जुन्या प्रतीवरून कुणी चुकून पुश केलं असतं तर सगळं ओझं परत आलं असतं.

ताई : मग मला का नाही नवा घ्यायला लावलास?

धाकटा : तू घरून काम करतेस, इथलं नेट रडतं. म्हणून तुला रीसेट. ती खालची ओळ चालवून टाक, म्हणजे मशीन हलकं होईल.

ताई : मशीनचं मशीन बघून घेईल. बसस्थानकावरच्या घोषणांच्या जुन्या पेटीत काही असेल का?

धाकटा : ती पेटी केव्हाच भंगारात गेली. ताई, ती ओळ...

ताई : अरे काय ओळ ओळ लावलंयस? इथं माझ्या आईचा आवाज गेलाय, आणि तुला केराची पडलीय!

आई : टक टक टक टक.

ताई : काही नाही गं आई. ऑफिसचं आहे. तू पड.

धाकटा : हळू बोल. ऐकतेय ती.

ताई : ऐकू दे. बोलता येत नाही, ऐकू तर येतं. तिलाही कळू दे, लेकानं काय पराक्रम केला ते.

धाकटा : तिनंच सांगितलं होतं.

ताई : काय?

धाकटा : आईनं. पाटीवर लिहून दिलं. माझा आवाज काढून टाक म्हणून. तुला सांगू नको म्हणाली, म्हणून इतका वेळ गप्प होतो.

ताई : आईनं लिहिलं?

धाकटा : हो.

ताई : आई! ए आई! तू याला तुझा आवाज काढून टाकायला सांगितलंस? दोनदा वाजवलंस तर हो, एकदा वाजवलंस तर नाही.

धाकटा : तिला कशाला त्रास देतेस?

आई : टक.

ताई : एकदा. ऐकलंस?

धाकटा : ऐकलं.

ताई : जिला बोलता येत नाही तिच्या नावावर खपवलंस! तिला "मी नाही म्हणाले" एवढंसुद्धा म्हणता येत नाही, हे बघून खपवलंस! लाज वाटत नाही?

धाकटा : वाटते.

ताई : मग खरं बोल. वजनाचं मला सांगू नकोस. वजन कमी करायचं असतं तर क्लिपा दुसरीकडे हलवता आल्या असत्या. तुला मला शिकवता येतं आणि हे सुचलं नाही? आणि थांब. थांब हां. ती झाडलोट. फोल्डर गेलाय, सर्व्हरवर नाही, कुणाकडे नाही. मग माझ्या मशीनमध्ये झाडायला उरलंय काय?

धाकटा : काही नाही. सवयीनं म्हटलं.

ताई : आल्यापासून तीनदा म्हणालास. तू सवयीनं "जेवलीस का" सुद्धा विचारत नाहीस. इकडे बघ. माझ्याकडे. काय झाडायचं होतं?

धाकटा : ताई, मला रोज घोषणांची टेस्ट चालवावी लागते.

ताई : मी काय विचारतेय, तू काय सांगतोयस?

धाकटा : तेच सांगतोय. सकाळी टेस्ट, दुपारी टेस्ट, कुणी नवा कोड मर्ज केला की टेस्ट. प्रत्येक वेळी पहिली क्लिप वाजते. घाई करू नका, गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही. ऑफिसात सगळे हसतात, तुझी आई बोलली म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. मग मी संध्याकाळी इथं येतो. दार उघडल्यावर ती आतून वाटी वाजवते. तिथं बोलते आणि इथं वाटी वाजवते. मला हेडफोन काढून ठेवायलाही जमत नाही, काम आहे ते माझं. किती दिवस ऐकू?

ताई : म्हणून माझ्याही कानातून काढून घ्यायची?

धाकटा : तुझा विचार नव्हता केला.

ताई : कधी केलास? मी इथं तिच्यासोबत असते दिवसभर. नळी पुसते, पाटी धरते. दुपारी ती झोपली की दार लोटते आणि एकच क्लिप लावते, अगदी बारीक आवाजात. मला ती तेवढ्यातच भेटते. तुला ऐकवत नाही म्हणून पुसतोस, मी ऐकल्याशिवाय दुपार काढू शकत नाही. आणि ठरवलंस तू एकट्यानं.

आई : टक टक टक टक टक.

ताई : आले गं. काय हवंय? पाणी?

आई : टक.

धाकटा : उशी?

आई : टक.

ताई : आमचं ऐकून त्रास होतोय?

आई : टक टक.

धाकटा : आई, मी विचारू? तुला तुझा आवाज ऐकायचाय?

आई : टक.

धाकटा : बघ. तिलाही नकोय.

ताई : थांब, लगेच नाचू नकोस. आई, मग पुसून टाकायचा?

आई : टक.

ताई : पुन्हा सांग. पुसायचा का?

आई : टक.

ताई : ऐकायचा नाही. पुसायचाही नाही. कळलं, साहेब? नुसता असू द्यायचा. एवढं साधं तुला जमलं नाही.

धाकटा : नाही जमलं.

ताई : आता जा. लॅपटॉप मिटते मी. तुझ्या त्या ओळी तूच चालव तुझ्या मशीनवर. सोमवारी मिटिंगमध्ये भेटू, तिथं तू वरिष्ठ.

धाकटा : मिटू नकोस.

ताई : का? अजून काय उरलंय?

धाकटा : मिटू नकोस म्हणतोय ना. आज्ञा लिहायची ती काळी खिडकी उघड.

ताई : झाडलोट मी करणार नाही.

धाकटा : झाडलोट अजिबात करू नकोस. आज नको, कधीच नको. गिट लिही. जागा सोड. पुढं रेफलॉग.

ताई : हे काय असतं?

धाकटा : तुझं मशीन तू कुठं कुठं उभी होतीस ते लक्षात ठेवतं. सगळ्यात वर सकाळचं रीसेट दिसेल. त्याच्या खालची ओळ बघ, रीसेटच्या आधीची. तिथं परत जाता येतं. क्लिपा तिथंच आहेत सगळ्या, झाडलोटीनं मात्र कायमच्या गेल्या असत्या. फक्त पुश करू नकोस, आधी त्या बाहेर काढून दोन ठिकाणी ठेव.

ताई : म्हणजे गेल्या नाहीत?

धाकटा : नाही. दारातून आत आलो तेव्हापासून मला माहीत होतं.