सगळ्याच पिवळ्या साड्या

बायको हरवली की छातीत काय होतं, ते मला गेल्या नवरात्रात टेंभी नाक्यावर कळलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या हिला अजून नीट दिसत नव्हतं, तरी देवीचं दर्शन चुकवायचं नाही म्हणून कोपरीहून घेऊन गेलो.

गर्दीत धक्का बसला, हात सुटला. मी पटकन पिवळी साडी बघून हात धरला आणि म्हटलं, "चल, कडेकडेने चल."

"काका, मी तुमची कोणी नाही," ती बाई म्हणाली.

फोन करावा म्हटलं, तर हिचा मोबाईल माझ्याच खिशात होता. मंडपातल्या कार्यकर्त्याकडे गेलो.

"आजोबा, आजींनी काय घातलंय?"

"पिवळी साडी."

त्याने गर्दीकडे बोट दाखवलं. त्या दिवशीचा रंगच पिवळा होता, सगळ्या बायका पिवळ्या साडीत.

तेवढ्यात हिचा आवाज आला. प्रसादाच्या टेबलापाशी एका म्हाताऱ्या गृहस्थाचा दंड धरून ही त्याला झापत होती. "सांगितलेलं ना, हात सोडू नका म्हणून? मी कुठे शोधायचं तुम्हाला?"

मी हिला हाक मारली, तसा तो म्हणाला, "घ्या बाबा, सांभाळा. मी सांगणार होतो, पण या थांबतच नव्हत्या."

रिक्षात मी तिचा हात घट्ट धरून विचारलं, "अगं, परका माणूस कळला नाही तुला?"

"कसा कळणार? मी एवढं बोलले, तरी तो गप्पच."