मी न लिहिलेलं कडवं

गाणं गाजलं की कसं वाटतं, विचारता ना? मग ऐका. सुरतेत, पर्वत पाटियाला माझा छोटा स्टुडिओ आहे. अहिराणी गाणी मीच लिहितो, मीच रेकॉर्ड करतो. मागे धुळ्याकडे गावी भाचीच्या हळदीला गेलो, तर बायका माझंच गाणं म्हणत होत्या! मी मामीला म्हटलं, "अगं, हे मी लिहिलंय."

"काहीबी सांगस! हाई गानं मनी माय म्हने."

माझं गाणं म्हणे तिची आई गायची! मला हसूच आलं. तेवढ्यात नवरीच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, पुढचं कडवं उचललं. ते काही माझं नव्हतं. सुरतेला गेलेला भाऊ घरी कधी येईल, असं ती त्यात विचारत होती.

मी तिच्या समोरच बसलो होतो.